शेळीच्या कवितेचा परिचय

विजयमाला बाईंचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकानं आवडीची एक कविता निवडायची, ती का आवडली हे दोन वाक्यांत सांगायचं आणि म्हणून दाखवायची. कवठे महांकाळजवळच्या त्या शाळेत सहावीचा वर्ग लगेच कामाला लागला. सगळ्यांत आधी तयार झाली सुमैरा. तिच्या घरी शेळी होती आणि एका जुन्या मासिकात तिला शेळीचीच कविता सापडली होती.

"बाई, माझा नंबर कवा?" ती रोज विचारायची.

"शुक्रवारी. अगदी पहिला!" बाईंनी शब्द दिला. पण हेडसरांना विचारलं नव्हतं आणि घोडं तिथंच पेंड खातं.

"कवितांचा कार्यक्रम, आणि पाहुणे न्हाईत?" उदयसिंह हेडसर हादरले. "लोक काय म्हणतील, बाई!"

"सर, कार्यक्रम नाही. तास आहे."

"तास तर रोजच असतोय की!"

झालं! निवृत्त सुभेदार नाथाजीरावांना आमंत्रण गेलं. पाहुणे आले म्हणजे मांडव आला, फेटा आला, नारळ आला, दीपप्रज्वलन आलं. पाहुण्यांचा परिचय आला आणि तो करून देणाऱ्याचाही परिचय आला. मग कविता म्हणायला पोरं मोकळी राहणार कशी? एकाच्या हाती ताट दिलं, दुसऱ्याच्या हाती काडेपेटी, बाकीच्यांना स्वागतगीतात उभं केलं. सुमैराच्या वाट्याला आभार आले.

"आन् माझी शेळी?" तिचा आवाज रडवेला झाला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बघू हं," त्या म्हणाल्या. मोठ्यांच्या 'बघू'चा अर्थ सहावीतल्या पोरीला चांगला ठाऊक असतो.

शुक्रवारी हेडसरांनी प्रास्ताविकात कवितेचं महत्त्व इतकं सांगितलं, की कवितेला वेळच उरला नाही. उरलासुरला सुभेदारांनी सरहद्दीवर नेला.

"माझ्या एसटीची वेळ झाली. आभार उरका!" हेडसर कुजबुजले.

सुमैरा माईकपाशी गेली. आभार म्हटल्यावर रीतीप्रमाणे कुणी ऐकेना. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी हळूच मान डोलावली. सुमैरानं डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं,

"शेळे गं शेळे, काटेच खाल्ले,
दूध मग गोड कुठून आणले?"

आभार झालेच असं समजून सुभेदार चपला शोधत होते. आभारानंतर सुरात काही सुरू झालं की ताठ उभं राहायचं, एवढं पलटणीत अंगी मुरलेलं. "सावधान!" ते गरजले.

अख्खा मांडव जागच्या जागी खिळला. हेडसर तर उचललेली खुर्ची हातात धरूनच उभे. शेळीनं बाभळ खाल्ली, कुंपण खाल्लं, पाटलाचं उपरणंही खाल्लं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. बाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

"विश्राम!" कविता संपल्यावर सुभेदार म्हणाले. "बाई, शाळेचं गीत लय झ्याक. पण एक चुकलं."

"काय चुकलं?"

"सगळ्यांचा परिचय झाला, ह्या गीताचा कुणीच दिला न्हाई."

"मी देती की!" सुमैरा अजून माईकपाशीच होती.

सुभेदार पुन्हा खुर्चीत बसले. बाहेर एसटीनं हॉर्न दिला. पण पाहुणेच बसल्यावर हेडसर जाणार कुठं? त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि बसले.