अल्बेनियन सरदारांचे सर्वांविरुद्ध बंड

कोणत्याही सत्तेपेक्षा तिच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांची कार्यकारिणी मोठी असते, हे इतिहासाने वारंवार सिद्ध केलं आहे.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या टाळ-चिपळी मंडळात सभासद एकेचाळीस, पदाधिकारी एकोणतीस (उरलेले बारा माजी पदाधिकारी, त्यांचा मान निराळा). अशा मंडळाने चैत्रालीला कीर्तनाला उभं राहू दिलं, हे त्याचं मोठेपणच. मुलगी इतिहासात पीएचडी करते. आख्यानाला तिने अभ्यासाचाच विषय घेतला: चौदाव्या शतकात सर्बियाच्या राजाविरुद्ध उठलेले अल्बेनियन सरदार. सहा महिने ती चिपळ्या, पदं आणि साकी घोटत होती. पहिलंच कीर्तन.

पत्रक प्रसिद्धिप्रमुखांनी फोनवर टाइप केलं. फोनला सर्ब ठाऊक नाहीत, सर्व ठाऊक आहेत. 'सर्बांविरुद्ध'चं 'सर्वांविरुद्ध' झालं. नऊ जणांनी प्रूफ तपासलं. कोणालाच वावगं वाटलं नाही (आमचा वार्षिक अहवाल साधारण असाच असतो).

कीर्तनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष विष्णूकाकांनी तिला हॉलवर बोलावलं.

"हे अल्बेनियन म्हणजे अतुलचा ग्रुप ना?"

"काका, त्यांना वारून साडेसहाशे वर्षं झाली."

"टोमणा कळतो गं. कॅन्सल करू या."

"प्लीज काका! आई पुण्याहून झूमवर बघणारे."

तेवढ्यात खुर्च्या मांडणारे कार्याध्यक्ष अतुलकाका गरजले, "कॅन्सल कसं करता? सरदार आम्हीच! आणि राजा कोण, ते सगळ्या नेपरव्हिलला माहितीय!"

तातडीने मतदान झालं. अध्यक्षांचा विरोध आहे म्हटल्यावर कीर्तन प्रचंड बहुमताने मंजूर झालं.

बर्फ पडत असूनही एकशे बारा माणसं आली. पोरगी काय गायली! राजा मेला, साम्राज्य फुटलं, सरदार मोकळे झाले. आणि पुढच्याच पदात एकमेकांवर तलवारी घेऊन धावले. माझा पदर ओला झाला. हॉल माना डोलवत होता.

आरतीनंतर जो तो तिला नमस्कार करून कानाशी लागे. विष्णूकाका म्हणाले, "अतुलला बरोबर लागू पडलं." अतुलकाका म्हणाले, "विष्णूपंतांना चपराक दिलीस, शाब्बास." नमस्कार एकशे बारा, नावं एकशे बारा, स्वतःचं कोणीही घेतलं नाही.

प्रसादाचा द्रोण तसाच धरून चैत्राली मला म्हणाली, "काकू, एकालाही स्वतःचं वाटलं नाही. कीर्तन फसलं ना माझं?"

"छे गं," मी म्हटलं, "मी लिहून काढते. वाचणारी माणसं समंजस असतात."

आता सांगा, वाचताना तुम्हाला कोण आठवलं?