भागीदारीचा आणखी एक हात

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. ज्या गोष्टीवर आमच्या लोकांचा विश्वास बसतो तिची लगेच समिती होते. पण तुम्ही आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या परदेश भागीदारी समितीवर आजच निवडून आलात, दारात तुम्हाला रंगाचा एकेक ब्रशही मिळाला आहे, पाळकसाहेबांना यायला अवकाश आहे आणि ते आल्याशिवाय चहा निघत नाही. तेव्हा ऐका. पायाशी बादली आहे तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती ऐतिहासिक आहे.

प्रथम मूलतत्त्व. माणसाला मदतीची जितकी गरज असते, त्याहून मदत करण्याची जास्त असते, आणि समुद्र ओलांडला की ही गरज अनावर होते. (शेजाऱ्याला मदत करण्यात अडचण अशी, की तो उद्याही तिथेच असतो.)

आम्ही प्रेस्बिटेरियन पंथाचे. आमच्यात बिशप नसतो. एकट्या माणसाने चुकावं हे आमच्या पूर्वजांना पटेना, म्हणून आम्ही मंडळीतले जाणते लोक 'वडील' म्हणून निवडून देतो आणि ते एकत्र बसून, ठराव करून, अनुमोदन घेऊन चुकतात. वडीलमंडळाच्या वर विभागीय सभा, तिच्या वर महासभा. त्याच्याही वर देव आहे असं मानतात, पण त्याला काही सुचवायचं असेल तर वडीलमंडळापासूनच सुरुवात करावी लागते.

आता हे सभागृह. इथे माझी धाकटी बहीण लहान मुलांचा वर्ग घेते. सगळं गाव तिला बाई म्हणतं, मीही म्हणतो. ती मला दादा म्हणते, पण त्यातला आदर शोधायला चष्मा लागतो. ती पाहा, मागे दोरीवर मुलांची भिजलेली चित्रं वाळत घालते आहे. तर छत गळत होतं आणि मुलं खोकत होती. वडीलमंडळाने गंभीरपणे विचार करून ठरवलं, की छत झालं नाही तर वर्ग बंद करावा. छत दुरुस्त करणं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. वर्ग बंद करणं होतं.

नेमक्या त्याच सुमारास समुद्रापलीकडच्या एका मंडळीने आम्हाला भागीदार म्हणून पसंत केलं. त्यांच्या समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य होत्या. त्यांनी इथे येऊन बाईचे दोन्ही हात धरून विचारलं, "आम्ही काय करू शकतो?"

"छत," बाई म्हणाली.

दंतवैद्यबाईंचे डोळे भरून आले. मात्र पाहुण्यांच्या विम्यात स्टुलापर्यंतचीच उंची बसत होती. स्टुलाच्या वर चढून जो सेवा करील तो स्वतःच्या जबाबदारीवर करील, आणि स्वतःच्या जबाबदारीवर काही करणं हे आमच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून संयुक्त बैठकीत आमच्या गरजेत दुरुस्ती करण्यात आली. "छत" हा शब्द वगळून "भिंत" हा शब्द घालण्यात आला. ठराव एकमताने मंजूर झाला. (बाईचं मत मोजलं नाही. ती तेव्हा बादली ओतायला गेली होती.)

पाहुण्यांनी भिंत रंगवली. निळी. खाली कोपऱ्यात सगळ्यांनी नावं लिहिली, बाईच्या पोरांबरोबर फोटो काढले आणि रडत रडत परत गेले. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी आली. पहिल्यांचं प्रेम खरवडायचं कसं? म्हणून त्यावरच रंगाचा आणखी एक हात मारला. मग तिसरी तुकडी, मग तरुणांची, मग निवृत्तांची, मग नुसत्याच उत्साही लोकांची. पाहणीत असं आढळलं, की आलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांना या दौऱ्याने आपलं आयुष्य बदलल्यासारखं वाटलं. भिंतीचा रंग बदलल्याचं निम्म्यांच्याच लक्षात राहिलं.

भागीदारी एकतर्फी नसावी म्हणून मग आम्हीही तिकडे गेलो. बाईला नेलं, कारण ती मागे राहिली असती तर बोलली असती. त्यांचं चर्च म्हणजे नुसता आरसा. छत असं, की बाई मान वर करून बघतच राहिली. उपासनेत तेवढी एकच बाई स्वर्गाकडे बघत होती असं नंतर त्यांच्या वार्तापत्रात आलं. त्यांच्याकडे सगळं होतं, माणसं तेवढी नव्हती. आम्हाला एकत्र बसू न देता प्रत्येकाला वेगळ्या बाकावर बसवलं, म्हणजे चर्च भरल्यासारखं दिसेल. ही सेवा आम्ही मनापासून केली. बसण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

तिथे बाई पुन्हा म्हणाली, "छत."

या वेळी त्यांनी ते फार मनावर घेतलं. आजवर आपण फक्त देत आलो, ऐकलं नाही, असं दंतवैद्यबाईंनी जाहीरपणे कबूल केलं आणि लगेच श्रवण-दौरा ठरवला. पाहुणे भर पावसात आले. या इथेच गोल करून, डोळे मिटून छताखाली बसले आणि थेंबांचा आवाज ऐकला. एकाने वहीत लिहून घेतला. नंतर दंतवैद्यबाई म्हणाल्या, की तुमच्या छताने आम्हाला जे दिलं ते आमचं छत कधीच देऊ शकलं नसतं.

"मग घेऊन जा," बाई म्हणाली.

पण परतीच्या विमानाला एक दिवस बाकी होता, म्हणून त्यांनी भिंत रंगवली.

इथून पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. रंग इतका जाड झाला की खोली आवळत चालली. बाक दोन्ही टोकांना कापले. जाड मुलांना आडवं होऊन आत यावं लागे. दंतवैद्यबाई दर खेपेला भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणत, आतून अगदी निरोगी आहे. मग एका वादळी पावसात बाहेरची विटांची भिंत भुईसपाट झाली, आणि रंग उभाच राहिला. तुम्ही टेकून बसला आहात ना, ती भिंत नाही, नुसता रंग आहे. निळा, पिवळा, पुन्हा निळा. विभागीय सभेने येऊन पाहणी केली आणि भागीदारीचा पाया मजबूत असल्याचा शेरा दिला. पाया विटांबरोबर गेला होता, पण शेरा आधीच टाइप करून आणलेला.

आणि अखेर, सांगायला आनंद वाटतो, दोन्ही मंडळ्यांच्या अशा प्रदीर्घ सहकार्यातून परवाच हे छतही पक्कं दुरुस्त झालं. बाईचा वर्ग वाचला. आता वरून थेंब म्हणून—

"दादा," बाई मागून म्हणाली, "थाप."

मी बादली पायानेच जरा मागे सारली.

"रंगाची भिंत सांगितलीस, मी बोलले नाही. आडवी पोरं सांगितलीस, तेही खपवून घेतलं. पण छत झालं हे खोटं आहे. सोमवारपासून वर्ग बंद होतोय, आणि तुझी ती ऐतिहासिक बादली भरून तुझ्याच चपलेवर सांडते आहे."

मग तिने हातातलं ओलं चित्र दोरीवर अडकवलं आणि तुमच्याकडे वळली.

"आणि तुम्ही. इतका वेळ टपटप ऐकू येतंय. तो भिंत म्हणाला की भिंतीकडे बघता, हसता, माना डोलावता. एकानेही मान वर केली नाही. ब्रश मात्र सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलेत."