दाढेचा दुखवटा

गुरुनाथ आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिप कारखान्यात पन्नास मशीन सांभाळायचा. एका दाढेला तो काय भीक घालणार? हिरडीत देतात त्या भुलीच्या इंजेक्शनची मात्र त्याला ॲलर्जी. कॉलेजात असताना घसा सुजून मरता मरता वाचला होता. म्हणून इथल्या डेंटिस्टबाईंनी दाढेला हातच लावला नाही. "हॉस्पिटलात पूर्ण झोपवून काढू. अठरा जानेवारीला. तोवर या दोन गोळ्या आलटून पालटून," त्या म्हणाल्या. गुरुनाथने गोळ्यांचं एक्सेल बनवलं आणि बायकोला, पद्मिनीला, आयरिश लोकांसारखं सांगितलं, "सगळं ग्रँड आहे, एकदम ठीक."

असंच तो डिसेंबरातही म्हणाला होता. २०१० च्या त्या बर्फात डब्लिनचा विमानतळ बंद पडला आणि नेमके तेव्हाच नागपुरात त्याचे वडील गेले. अग्नी धाकट्या भावाने दिला. गुरुनाथने इथे कुणाला कळवलं नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. हा माणूस रडत का नाही, याचाच पद्मिनीच्या जिवाला घोर लागला होता.

शनिवारी दाढेने एक्सेल धाब्यावर बसवलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाल धरून ढसाढसा रडणारा गुरुनाथ शेजारच्या सुमेधाला दिसला. परदेशात आपला माणूस असा रडतो म्हणजे घरून फोन आला, दुसरं काय? तासाभरात पिठलं-भाताची पातेली घेऊन सात माणसं दारात, माना खाली.

"कधी झालं?" सुमेधाच्या नवऱ्याने, रविंद्रने, विचारलं.

"तीन दिवस झाले," गुरुनाथ कसाबसा पुटपुटला.

"फार त्रास झाला का?"

"भयंकर."

"वय काय होतं?"

गुरुनाथ गोंधळला. "दाढेचं?"

सुमेधाला कुठे तोंड लपवू असं झालं. "अगंबाई, आम्हाला वाटलं... बरं, निघतो आम्ही." मंडळी घाईघाईने वळली.

"बसा," गुरुनाथ म्हणाला. एकेक शब्द सुट्टा करत. "बाबा गेले. तीन आठवडे होतील. मला जाता नाही आलं."

आणि त्याला रडू फुटलं. पद्मिनीने अडवलं नाही, तीही रडली. सुमेधाने ताटं घेतली.

"कसे होते रे बाबा?" रविंद्रने हळूच विचारलं.

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सुजलेल्या तोंडाने तो अर्धा तास सांगत राहिला. पद्मिनीलासुद्धा त्यातलं अक्षर कळलं नाही, पण जागचं कुणी हललं नाही.