नाना झिपऱ्यांची ओळख

एका जंगलात, मुलांनो, आंब्याची झाडं पुष्कळ होती आणि शहाणे प्राणी त्याहून पुष्कळ होते. हसू नका. शहाणे पुष्कळ झाले की काय होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

ए, निळ्या फ्रॉकवाली, तू पुढे येऊन बस. तुझे मामा मैदानावर मांडव घालतात ना? छान. त्याबद्दल नंतर बोलू.

तर त्या जंगलाच्या मधोमध एक आमराई होती. दर वैशाखात तिथे कोकिळबुवांचं गाणं व्हायचं. पूर्वी ते फुकट असायचं. बुवा पहाटे फांदीवर बसून गायचे आणि ज्याला ऐकायचं तो खाली बसून ऐकायचा. त्यामुळे फारसं कुणी यायचं नाही.

मग एका कोल्ह्याने आमराईला कुंपण घातलं. 'वैशाख महोत्सव' असं नाव दिलं. पळसाच्या पानांवर आपला पंजा उमटवून पास केले. पुढच्या दाराशी खिडकी उघडली आणि खिडकीवर पाटी टांगली: 'सर्व पास संपले आहेत.'

पाटी वाचल्याबरोबर सगळ्या जंगलाला गाण्याची भयंकर आवड उत्पन्न झाली.

त्या जंगलात नाना झिपरे नावाचं एक अस्वल राहायचं. नानांना गाण्यातलं काही कळायचं नाही. पण कळत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं कळायचं. समेवर सगळ्यांच्या माना हलल्या की मग ते आपली हलवायचे. माझ्याकडे असं बघू नका. मी अस्वल नाही.

त्यांच्या बायकोचं नाव मधुवंतीबाई. त्यांना मात्र गाणं खरंच कळायचं. त्यांचं माहेर आमराईच्या अगदी बाजूला, ओढ्याकाठी. बुवांचं गाणं ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. लग्न होऊन त्या डोंगराच्या पल्याड आल्या आणि गाणं सुटलं. नाना दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वैशाखात नक्की नेतो." अस्वलाच्या आयुष्यात वैशाख काही कमी नसतात, म्हणून त्या वाट बघायच्या.

पण यंदा बातमी आली की कोकिळबुवांचा गळा थकला आहे. हा त्यांचा शेवटचा वैशाख.

मधुवंतीबाई म्हणाल्या, "अहो, यंदा मात्र न्या. आणि दोघं जाऊ. मला तुमच्या शेजारी बसून ऐकायचंय."

"माझ्या शेजारी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"नाही कळलं तरी चालेल. मी ज्या गाण्यात वाढले ते तुमच्या कानावरून एकदा जावं, एवढंच."

नानांना एकदम भरून आलं. ते म्हणाले, "नेतो म्हणजे नेतोच! पाटी लागली असली तर लागू दे. आपली ओळख आहे."

"कुणाशी?"

"ते बघतो," नाना म्हणाले आणि तडक तळ्यावर गेले.

तळ्यात बगळेसाहेब एका पायावर उभे होते. त्यांच्या अंगाला कधी चिखल लागत नसे, म्हणून त्यांची वर ओळख असणार असं जंगलात सगळे धरून चालत.

"साहेब, दोन पास हवे होते. की खिडकीवर जाऊन विचारू?"

"नाना!" बगळेसाहेबांनी मान लांब केली. "खिडकीवर? तुम्ही? तिथे ज्यांचं कुणी नाही ते जातात. दोनच ना? माझं माकडाकडे घरोब्याचं आहे. मिळाले समजा."

नाना खूश होऊन घरी आले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दारात रानडुक्कर उभं.

"नाना, लाज सोडून आलोय. दोन पास पाहिजेत. मला नकोत हो, माकड मागे लागलंय. म्हणजे त्यालाही नकोत, बगळ्याने त्याच्याकडे शब्द टाकलाय. बगळ्याकडे म्हणे कुणीतरी बडी असामी अडून बसलीय. आता तुमच्याशिवाय कोण?"

मुलांनो, तुमच्या लक्षात आलं ना? तुमच्या आलं, कारण तुम्ही लहान आहात. नानांच्या मनात एवढंच आलं, की पासासाठी लोक आपल्या दारात येतात, म्हणजे आपली ओळख आहेच की! आता नाही कसं म्हणायचं?

"बघतो," नाना मिशी चाचपत म्हणाले. "असं करा, मैफलीच्या पहाटे मागच्या दाराशी थांबायला सांगा. आत घेतील."

कोण घेतील, हे रानडुकराने विचारलं नाही. असल्या कामात असं विचारत नाहीत. ते खूश होऊन माकडाकडे गेलं, माकड खूश होऊन बगळ्याकडे गेलं, वाटेत भेटेल त्याच्या कानात दोघांनी तेच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब स्वतः नानांकडे आले.

"नाना, काम फत्ते! मैफलीच्या पहाटे मागच्या दाराशी थांबायचं. आत घेतील."

नानांना आनंदाने काही सुचेना. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "याला म्हणतात ओळख!"

मधुवंतीबाईंनी नानांचे वैशाख पाहिले होते. दुपारी नाना घोरू लागल्यावर त्या डोंगर ओलांडून आमराईच्या पुढच्या दाराशी गेल्या. खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं. आत कोल्हा गालावर पंजा टेकून बसला होता.

"भाऊ, पास संपले का हो सगळे?"

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं. "बाई, एकही गेला नाही."

"मग ही पाटी?"

"ती पहिला पास विकायच्या आधीच लावली. पास आहेत म्हटलं की लोक विचारतात, गाणार कोण? पास संपले म्हटलं की कुणी काही विचारत नाही. मला वाटलं खिडकीवर झुंबड उडेल, आणि मग मी कुठून तरी थोडे काढल्यासारखं करीन. पण खिडकीवर कुणी येतच नाही. सगळ्यांच्या ओळखी आहेत." कोल्ह्याने दोन पास काढून पुढे सरकवले. "आता पाटी काढावी तर अब्रू जाते. तुम्ही घ्या दोन. पण कुणाला सांगू नका हं."

मधुवंतीबाई पळसाची दोन पानं पदरात बांधून धावतच घरी आल्या. नानांनी पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खिडकीवरून? रांग लावून?"

"रांग कसली? मी एकटीच होते."

"एकटी? मग तर कुणीतरी पाहिलंच असणार! अगं, सबंध जंगल मागच्या दाराने जाणार, आणि आपण पुढच्या दाराने? नाना झिपऱ्यांना कुणी विचारत नाही असं होईल. आणि बगळेसाहेबांनी एवढा शब्द टाकलाय, त्यांना काय वाटेल?"

"अहो, पण पास तर हातात आहेत."

"तू हो पुढे," नाना म्हणाले. "मी मागच्या दाराने येतो. आत भेटूच."

मधुवंतीबाईंनी पानं पुन्हा पदरात बांधली. मग म्हणाल्या, "तुमचं उपरणं तरी द्या. जागा धरून ठेवते."

मैफलीच्या पहाटे मागच्या दाराशी ही गर्दी! हत्तीपासून उंदरापर्यंत झाडून सगळे हजर. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. "निरोप गेलाय ना आत?" "गेलाय. तुमचा?" "आमचा तर कालच गेलाय." दार आतून बंद होतं आणि ते उघडणारे जे कुणी होते, ते सगळे बाहेरच उभे होते.

आत काही ससे होते. त्यांना पाटी वाचता येत नव्हती, म्हणून ते सरळ पास घेऊन आले होते. सर्वांत पुढे मधुवंतीबाई बसल्या होत्या आणि शेजारी गवतावर उपरणं पसरलं होतं.

बुवांनी फांदीवरून विचारलं, "बाई, ही जागा कुणाची?"

"आमच्या ह्यांची. येताहेत."

"मग थांबू या थोडं," बुवा म्हणाले आणि उगाच पंख नीट करत बसले.

ऊन पानांतून खाली आलं. मागच्या दाराशी आता कुणाची ओळख जास्त वरपर्यंत आहे यावरून कचाकचा भांडण जुंपलं होतं. त्यात नानांचा आवाज सर्वांत मोठा होता. मधुवंतीबाईंनी तो ओळखला. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "गा तुम्ही, बुवा."

बुवा गायले. कसं गायले ते मला सांगता येणार नाही. मी तिथे नव्हतो.

दुपारी नाना घामाघूम होऊन घरी आले. "काय गर्दी! पाय ठेवायला जागा नव्हती!"

"हो का?" मधुवंतीबाई म्हणाल्या. "आत होती."

त्यांनी उपरण्याची घडी करून नानांच्या हातात दिली. मग चुलीकडे तोंड करून त्या काहीतरी गुणगुणू लागल्या. नाना ऐकत राहिले. मान कधी हलवायची हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं, तरी ती आपोआप हलली.

"काय गं हे?"

"बुवांनी शेवटी म्हटलं ते."

"पुढचं म्हण ना."

"मला एवढंच येतं," मधुवंतीबाई म्हणाल्या. "पुढचं तुम्हीच तिथे ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवशी 'तुम्हीही बाहेरच कसे?' असं रानडुकराने विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "पास काय, पडलेले होते घरात. पण म्हटलं, कोण जातंय आतल्या गर्दीत!" त्या दिवसापासून जंगलात नानांचा मान फार वाढला.

तात्पर्य: खिडकीवर गेलं तर पास मिळतो, पण मग नुसतं गाणंच ऐकायला मिळतं. ओळखीने पास मिळत नाही, पण वर्षभर सांगायला होतं. म्हणून, मुलांनो, शहाण्याने नेहमी मागच्या दाराशी थांबावं. गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी तिथेच भेटतात.

चला, पळा आता घरी. निळ्या फ्रॉकवाली, तू जरा थांब. तुझ्या मामांना म्हणावं, पुढच्या आठवड्यात मैदानावर गाणं आहे, त्याचे दोन पास बघा. दोनच. घरी शब्द दिलाय मी. काय म्हणालीस? खिडकी? खिडकी माझ्या घराच्या समोरच आहे गं. पण तिथे पाटी लागलीय ना.