राजवाड्याच्या सुईणीची फारखती

श्री. वाचेस नमन, लेखणीस नमन, आणि कागद वाचल्याविना निशाणी न करणाऱ्या शहाण्यांस विशेष नमन. शके सोळाशे चौसष्ट, दुंदुभी नाम संवत्सर, कार्तिक मास. दक्षिणेत एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथील राजवाड्यात गोजराबाई म्हणोन सुईण होती, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो.

बाई पन्नाशीची, अंगाने किरकोळ, हाताची बोटे लांब, बोलणे थोडे. सव्वीस वर्षे जनान्यात तिची चाकरी जाहली आणि राजघराण्यातील अकरा लेकरे तिच्या हातांवर जगात आली. थोरले युवराज पायाळू जन्मले, तेव्हा वैद्य हात टेकून दाराबाहेर बसले, आणि बाईने दोन प्रहर शर्थ करून माता व बाळ दोघांस वाचविले, आणि महाराजांनी प्रसन्न होऊन तिजला चाकरीची सनद करून दिली. पुढे महाराज कैलासवासी जाहले आणि युवराज गादीवर बसले आणि त्यांचे लग्न मोठ्या घराण्यात जाहले, आणि नव्या राणीसाहेबांनी माहेराहून आपली दाई आणविली. एका राजवाड्यात दोन सुइणी कशास, ऐसे ठरले. मग खासगीचे कारभारी सुभानराव यांनी गोजराबाईस सदरेवर बोलाविले आणि फारखतीचा कागद, म्हणजे चाकरी सुटली आणि एकमेकांकडे काही मागणे उरले नाही ऐसा लेख, कारकुनाकडून वाचविला. कारकुनाने तो असा वाचला की पाठीमागे वाघ लागला असावा. बाईच्या कानी इतकेच आले की सालिना धान्य व लुगडे मिळेल. मग सुभानराव बोलिले, "बाई, येथे बांगडीची निशाणी करा आणि सुखाने घरी बसा." बाईने लेखणीकडे पाहिले. तिला अक्षर येत नव्हते, परंतु जेथे सारे घाई करितात तेथेच घात होतो, हे बाळंतिणीच्या उशाशी बसून ती शिकली होती. ती म्हणाली, "रावसाहेब, कागद घरी न्यावा म्हणते." सुभानराव हसले. "घरी कोण वाचणार?" बाई म्हणाली, "वाचणारा गाठीन." सुभानरावांनी तीन दिवसांची मुदत दिली.

त्या नगरीत नारोपंत अमीन म्हणोन वृद्ध गृहस्थ होते. न्यायसभेच्या दप्तरात चाळीस वर्षे राहून त्यांनी स्वहस्ते शेकडो फारखत्या लिहिल्या होत्या, म्हणोन कोणत्या शब्दाआड काय दडविले आहे ते त्यांस अचूक उमजे. आता ते पानमळा राखीत आणि कोणी कागद घेऊन आला तर वाचून देत. बाई गेली तेव्हा ते वेलीस आधार बांधीत होते. हात धुवून त्यांनी कागद घेतला आणि एकदा वाचला, आणि पुन्हा वाचला, आणि तिसऱ्या वेळी बोट ठेवून वाचला, आणि मग पुसिले, "बाई, तुमच्या डोळ्यांस काय जाहले?" बाई म्हणाली, "काही नाही." "येथे लिहिले आहे की दृष्टी मंद जाहल्यामुळे तुम्ही स्वसंतोषे चाकरी सोडिता. आणि पुढे, या राज्यात वा परराज्यात कोणाही स्त्रीचे बाळंतपण करणार नाही. आणि राजवाड्यातील गोष्ट कोणासही कदापि सांगणार नाही. आणि धान्य मिळेल ते मर्जी असेतोवर." हे ऐकोन बाई मळ्याच्या बांधावर मटकन बसली. तिची लेक सारजा तिच्याच हाताखाली शिकत होती, आणि वेशीबाहेरच्या वस्तीत चार बाया दिवसांत होत्या, आणि त्यांच्या घरी ती येते म्हणोन सांगून आली होती. डोळे गेलेल्या सुईणीस कोण दारात उभे करील?

मग पंतांनी पुसिले, "तुम्हांस काय पाहिजे ते सांगा. चाकरी परत मिळेल ऐसे मी सांगत नाही. राणीसाहेबांच्या मर्जीपुढे माझी विद्या चालत नाही." बाईने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "चाकरी गेली तर गेली. बाई अडली आणि बोलावणे आले तर मला जाता यावे. आणि धान्य देतो म्हणाले तर द्यावे." पंत म्हणाले, "इतके मागणे न्यायाचे आहे. जनान्यातले मजला एक अक्षर सांगू नका, त्याची गरज नाही. परंतु थोरल्या महाराजांनी काही लिहून दिले होते काय?" बाईने दुसरे दिवशी लुगड्यांच्या गाठोड्यातून सनद काढून आणिली. पंतांनी ती वाचली आणि त्यांच्या मिशीत प्रथमच हसू आले. सनदेत लिहिले होते की बाईचा हात चालतो तोवर तिजला चाकरीतून दूर न करणे. "आता कळले," पंत म्हणाले, "तुमचे डोळे कोणी अधू केले ते. निशाणीची गरज तुम्हांस नाही, त्यांस आहे. परंतु ऐका. सदरेवर एक वेळ ऐसी येईल की मी उठेन. तेव्हा तुम्हीही उठा, आणि मागे पाहू नका." आणि मेहनतान्याचे बोलणे तेथेच केले, दोन पायली तांदूळ, म्हणजे पुढे संकोच नको.

तिसरे दिवशी उभयतां सदरेवर गेली. पंतांनी विनविले, "माझा डावा कान अधू आहे. कलमे सावकाश वाचावी." कारकुनाने दुसरे कलम वाचले की बाईने कोणाही स्त्रीचे बाळंतपण करू नये. पंत म्हणाले, "पुन्हा." कारकुनाने पुन्हा वाचले. "कोणाही स्त्रीचे? पुन्हा एकवार." तिसऱ्या वाचनास दारावरचा पहारेकरी भाला टेकून आत पाहू लागला आणि कारकुनाचा आवाज खाली गेला, कारण त्याची स्वतःची दोन लेकरे बाईच्याच हातची होती. सुभानराव बोलिले, "राजपुत्र झेलले ते हात झोपड्यांतून फिरावे, हे दरबारास शोभत नाही. आणि झोपड्यांतून गोष्टी फुटतात." पंत शांतपणे म्हणाले, "सव्वीस वर्षांत एक गोष्ट फुटली नाही, आणि तेव्हा कागद नव्हता. मौनाचे कलम बाई आनंदाने घेईल. फक्त न्यायसभेने शपथेवर पुसिले तर बोलण्याची मोकळीक असावी. बाईच्या मुखात जे आहे ते राज्याचे. हातांत जे आहे ते तिचे." सुभानराव म्हणाले, "डोळे गेल्यावर हात काय करतील?" तेव्हा गोजराबाई, जी तोवर भुईकडे पाहत होती, हळूच म्हणाली, "रावसाहेब, आपल्या अंगरख्याचा खालचा बंद उलटा बांधला आहे." सदरेवर कोणी हसले नाही, परंतु सर्वांनी तो बंद पाहिला.

सुभानरावांचा चेहरा उतरला आणि ते कठोर होऊन बोलिले, "निशाणी न केल्यास धान्यही नाही." मग पंतांनी सनद काढून तिची ओळ सर्वांदेखत वाचली, आणि ती घडी करून बाईच्या हाती दिली, आणि म्हणाले, "मग बाई उद्यापासून चाकरीवर हजर होईल," आणि उठले. बाईही उठली. धान्य गेले तर घरी काय शिजेल हे तिला ठाऊक होते, आणि सदरेपासून देवडीपर्यंतची वाट तिला कधी इतकी लांब लागली नव्हती, तरी तिने मागे पाहिले नाही. देवडीपाशी मागून हाक आली, "पंत, बसावे. बोलू." पंत बाईस पुटपुटले, "सावकाश वळा."

मग दोन प्रहर बोलणे जाहले. दृष्टीची गोष्ट खोडली आणि तेथे लिहिले की चाकरी उत्तम जाहली, राणीसाहेबांनी माहेरची दाई आणविली म्हणोन बाईस सन्मानाने मोकळे केले. बाळंतपणाची मनाई गेली. परंतु दोन वर्षे कोणा दुसऱ्या राजघराण्याची चाकरी न धरावी, इतके सुभानरावांनी धरून ठेविले, आणि पंतांनी बाईकडे पाहिले, आणि बाईने मान हलविली. न्यायसभेपुढील मोकळीक राहिली. मर्जी असेतोवर हे शब्द जाऊन हयातभर हे शब्द आले. पंतांनी नवा कागद बाईस सावकाश वाचून दाखविला, आणि म्हणाले, "माझ्यावरही विसंबू नका," आणि पहाऱ्याच्या ज्या हवालदारास अक्षर येत होते त्याजकडून तो दुसऱ्यांदा वाचविला. मग बाईने बांगडीची निशाणी केली आणि सनद परत दिली. सनद देताना तिचे डोळे भरले. सुभानरावांनी ते पाहिले आणि, हे त्यांच्या पदरी लिहिणे योग्य आहे, उठून तिजला विडा दिला. बाई जनान्याच्या लहान दरवाजाने शेवटची बाहेर पडली, आणि दाराच्या चौकटीस हात लावून घटकाभर उभी राहिली, आणि मग वेशीबाहेरच्या वस्तीकडे गेली, कारण तेथील एकीचे दिवस भरत आले होते.

सारांश, गोजराबाई त्यानंतर अकरा वर्षे जगली, सारजा तिच्याहून नावाजली, आणि नारोपंतांनी तांदूळ मोजून घेतले आणि वेलीस आधार बांधू लागले. ती फारखती पुढे कोणी कधी उघडली नाही. जो कागद पुन्हा उघडावा लागत नाही तो नीट लिहिला, ऐसे जाणत्यांचे मत. इति हकीकत समाप्त जाहली.