शमुवेल काकांचा किरायेदार

नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारी राहणारे शमुवेल काका रोज सकाळी, दुधाची पिशवी आत घेण्याआधी, सैतानाला घराबाहेर काढतात.

म्हणजे खरोखरच काढतात. दार सताड उघडतात, स्वतः बाजूला सरकून वाट करून देतात आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "चाल गा, नीघ. निकाल लागला तुहा. काहून बसून राहिला अजून?" मग थांबतात. एखाद्या जाडजूड माणसाला सामानासकट उंबरा ओलांडायला लागेल तेवढा वेळ. मग पिशवी उचलून दार लावतात. समोरच्या घरात नवीन आलेल्या किरायेदाराला पहिल्या आठवड्यात वाटलं की हे आपल्यालाच चाललं आहे. त्यानं घाबरून घरमालकाला फोन केला होता.

काका कोर्टात बेलीफ होते. केस हरलेल्या माणसाला घराबाहेर काढायचं आणि जिंकलेल्याला कब्जा द्यायचा, हे त्यांचं काम. सगळी नोकरी त्यातच गेली. आम्ही दोघं एकाच चर्चमध्ये जातो आणि आम्हा सगळ्यांना लहानपणापासून तेच शिकवलेलं आहे: सैतान आज जगात मोकळा फिरतो आहे, पण त्याचा शेवट ठरलेला आहे आणि तो अग्नीच्या सरोवरात आहे. आम्ही हे ऐकून घाबरायचो. काकांनी ते आपल्या खात्याच्या भाषेत लावून घेतलं आणि निश्चिंत झाले. "केस तं वधस्तंभावरच संपली," ते म्हणतात. "डिक्री झाली. फक्त कब्जा घ्याचा बाकी आहे."

मग तो अजून इतका धुमाकूळ कसा घालतो, असं मी एकदा विचारलं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की हरलेला किरायेदारच सगळ्यात जास्त नुकसान करतो. जायचं नक्की झालं की तो नळाच्या तोट्या काढतो, पंखे उतरवतो, भिंतीतली वायरसुद्धा ओढून घेतो. सैतानाचं तेच चाललं आहे. वेळ थोडा उरलाय हे त्याला माहीत आहे, म्हणून हाताला लागेल ते तोडतो आहे.

तेव्हापासून गल्लीत काहीही बिघडलं की काकांचं निदान ठरलेलं. दोन भाऊ पार्किंगवरून बोलेनासे झाले: तोटी काढली त्यानं. ऐन मे महिन्यात कूलरची मोटर जळली: तोटी काढली त्यानं. काटोलहून बहिणीनं पाठवलेल्या संत्र्यांच्या पेटीत खालची अर्धी सडलेली निघाली, तेव्हा मात्र काका जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, यात त्याचा हात नाही, हे पेटी भरणाऱ्या आमच्या जावयाचं काम होये.

रूथ काकू होत्या तोवर हे सगळं ऐकायला घरात कोणीतरी होतं. त्या गेल्यावर काकांचं बोलणं सकाळी सैतानाशी आणि महिन्यातून एकदा देवाशी, एवढंच उरलं. देवाशी म्हणजे चर्चमध्ये. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करायची पाळी काकांची असे. त्यासाठी ते महिनाभर तयारी करत. ठेवणीतला कोट उन्हात टाकत. भेटेल त्याला विचारत, कोणाची तब्येत बरी नाही, कोणाच्या पोरीचं जमून राहिलं नाही, सांगून ठेव. त्या एका रविवारावर ते पुढचे तीन रविवार काढत.

प्रार्थना अर्थातच लांब होई. देशापासून सुरू होऊन ती कन्हानच्या खाणीतल्या मजुरांवरून फिरत फिरत आमच्या गल्लीतल्या आजाऱ्यांवर येईपर्यंत निम्मी मंडळी डोळे मिटल्याचा फायदा घेत असत. आवाज खाली आला की संपत आलं हे सगळ्यांना कळे. मग शेवटच्या शब्दावर अख्खं चर्च एका सुरात म्हणे, "आमेन."

त्या रविवारीही आवाज खाली आला. काका म्हणाले, "आन बापा, शेवटी त्या सैतानाचा कब्जा तू घेशीन, तवा तो कुठं जाईन ते एकडाव पाहून घेजो. त्याले कोणीच नाही."

"आमेन," अख्खं चर्च म्हणालं. सगळ्यात मोठा आमेन पाळकसाहेबांचा, कारण माइक त्यांच्यासमोर होता.

मग एकेकानं डोळे उघडले. मागच्या बाकावर ग्रेसबाई, म्हणजे आमच्या चर्च कमिटीतल्या निवृत्त मेट्रन, शेजारणीला विचारताना स्पष्ट ऐकू आल्या, "काय म्हणला वं तो?"

त्याच आठवड्यात कमिटी बसली. मीही कमिटीत आहे. मला घेतलं, कारण मी कधी काही बोलत नाही आणि त्यामुळे कोणाला माझी अडचण होत नाही.

पाळकसाहेब तरुण आहेत, स्वभावानं चांगले. ते समजुतीनं म्हणाले की सैतानाचा शेवट ठरलेला आहे, त्याच्यासाठी विनंती करणं शिकवणुकीत बसत नाही. काकांनी पुढच्या रविवारी उभं राहून प्रार्थना मागे घ्यावी, नाहीतर त्यांची पाळी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.

काका कोट घालूनच आले होते. म्हणाले, "निकालावर माहं काही म्हणणंच नाही, साहेब. निकाल बरोबर आहे. मी जागेचं इचारलं."

"जागा ठरलेली आहे, काका. सरोवर."

"ते जागा नाही न साहेब. ते शिक्षा होये."

मग त्यांनी आपली कामाची पद्धत सांगितली. कब्जा घ्यायला गेले की आधी विचारायचं, आता कुठं जाणार? उत्तर मिळेपर्यंत कुलूप लावायचं नाही. कन्हानला एक म्हातारी होती. सामान रस्त्यावर आलं तरी ती पेटीवर बसून राहिली, सांगायला तिच्याजवळ एकही नाव नव्हतं. काका पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसले. उन्हं उतरली तेव्हा एक दूरचा पुतण्या सायकल घेऊन आला. त्यानंतर कुलूप लागलं. कोर्टातल्या साहेबांनी उशिराबद्दल मेमो दिला, तो काकांनी मुकाट्यानं घेतला.

"मले कायदा समजते," काका म्हणाले. "पण दारात उभ्या माणसाले इचाराव तं लागते."

 मग काकांनी साधेपणानं आठवण करून दिली की मंडळीनं आमेन म्हटलं होतं. म्हणजे अर्ज एकट्याचा राहिला नव्हता.

यावर जे झालं ते मी आमच्या कमिटीत कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येकजण आपण प्रार्थना ऐकत नव्हतो हे पटवून देऊ लागला. खजिनदार मनात जेवणाच्या डब्यांचा हिशेब करत होते. पाळकसाहेबांचं लक्ष पुढच्या गाण्याच्या नंबरात होतं. ग्रेसबाईंनी तर सरळ सांगितलं, "मी झोपली होती. दर वेळीच झोपतो. आमेनले आपोआप जाग येते." प्रत्येक जबाबागणिक काकांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. इतकी वर्षं महिना महिना गोळा केलेली ती नावं कोणीच ऐकत नव्हतं.

आता फक्त मी उरलो होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी जन्मजात अपराधी चेहऱ्याचा माणूस आहे. वर्गात कोणाचं पेन हरवलं तरी माझे कान लाल होत. आत कोणीतरी सतत फिर्याद वाचत असतो, आणि त्याला सुट्टी नसते. लहानपणी रविवारच्या शाळेत अग्नीच्या सरोवराचं चित्र दाखवलं, तेव्हा बाकीची मुलं त्यात सैतान शोधत होती. मी काठावर माझ्यासाठी मोकळी जागा आहे का ते पाहत होतो. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी काकांचं शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, त्याच्यासाठी जर कोणी विचारत असेल, तर आपल्यासाठीही कोणीतरी विचारेल.

"मी ऐकत होतो," मी म्हणालो. "ऐकूनच आमेन म्हटलं."

खजिनदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टेबल बोललं. काकांनी पाहिलं नाही. ते कोटाचं बटण चाचपत होते.

माझ्या बोलण्यानं निर्णय बदलला, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. बदलला नाही. काकांनी प्रार्थना मागे घेतली नाही आणि त्यांची पाळी गेली. वचन वाचण्याचं काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं. काकांनी सगळ्यांशी हात मिळवला आणि ग्रेसबाईंना गेटपर्यंत सोडून आले, कारण पायरीवरचा दिवा गेला होता. तो कोणी घालवला हे त्यांनी वाटेत त्यांना समजावून सांगितलं असणारच.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "विजय, काम नसन तं ये न गा."

गेलो. बैठकीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. काकांनी कोट घातला होता. मला बसवून ते उभे राहिले आणि देशापासून सुरुवात केली. मी डोळे मिटले. यादी लांबत गेली. माझं नावही आलं, माझ्या न लागणाऱ्या झोपेसकट. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. मग आवाज खाली आला, सगळ्यात शेवटी तोही आला, ज्याला कोणी नाही, आणि काका थांबले.

"आमेन," मी म्हणालो.

काका हलले नाहीत. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"जोरानं म्हण न," ते म्हणाले. "तुही काकू आतून पोया लाटता लाटता म्हणे, तं रस्त्यावर ऐकू जाये."

मी पुन्हा म्हणालो. समोरच्या घरातल्या किरायेदारानं टीव्ही बारीक केला.