कांबळे मॅडमची पाचवी

जावा या संगणकाच्या भाषेची नवी आवृत्ती आली की आमच्या कांबळे मॅडम घुगऱ्या वाटायच्या. आवृत्तीचा जन्म साता समुद्रापलीकडं कुठं तरी व्हायचा आणि तिच्या बारशाचे हरभरे कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या गुळाच्या दुकानावर असलेल्या आमच्या क्लासात यायचे. स्टीलचा डबा, वर कांदा-कोथिंबीर, आणि वाटताना मॅडमच्या चेहऱ्यावर खरोखर घरात पाळणा हलल्याचा आनंद.

मी पहिल्यांदा तिथं गेलो ते बी.एस्सी. होऊन. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. वडील कबनूरला मागावर कामाला होते आणि मुलगा कॉम्प्युटर शिकतोय एवढं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. क्लासात पाऊल ठेवलं तर एका बाईंनी माझ्या तळहातावर घुगऱ्या ठेवल्या. "घे. मुलगी झाली." मी गांगरून "अभिनंदन" म्हणालो. मागची पोरं खिदळली. मुलगी म्हणजे एक पॉइंट तीन नावाची आवृत्ती होती, हे मला तासाभरानं कळलं.

क्लास पोवार अण्णांचा. अण्णांची आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनं मोडीत काढून त्यांनी कॉम्प्युटर आणले, पण माणसं टंकलेखनातलीच राहिली. पोरगं कीबोर्डवर बसलं की अण्णा लांबून ओरडायचे, "पाठ ताठ! मनगट उचल!" खालच्या गुळामुळं कीबोर्डात मुंग्या असत. "प्रोग्रॅममधली चूक नंतर शोधा," मॅडम म्हणायच्या, "आधी कीबोर्ड उलटा करून झटका."

दारावरची पाटी अण्णांनी पेंटरकडून रंगवून घेतली होती: 'येथे जावा शिकवतात'. एकदा शिरोळकडच्या एक मावशी जिना चढून धापा टाकत आल्या आणि मॅडमपुढं बसल्या. "बाई, आमची धाकटी जाऊ लई तोंडाची हाय. तिला शिकवशीला?"

आम्ही तोंडावर हात ठेवले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. मावशींना पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मावशी, ही जावा येगळी. मशीनची भाषा हाय. पण वारसा हितंबी हाय बघा."

"मग वाटणीची भांडणं?"

"न्हाईत. एका पोराला एकच बाप, असा कायदाच हाय हितं."

"लई ग्वाड हाय की," मावशी म्हणाल्या, आणि जाताना आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. या भाषेतला वारसा म्हणजे काय हे पुस्तकात तीन पानं वाचून मला कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

मॅडम सिद्धार्थनगरात एकट्या राहायच्या. चाळिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, आवाज असा की खालचा गूळवाला त्यांच्यावर घड्याळ लावायचा. भाषेतल्या जुन्या झालेल्या गोष्टींसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "चालतंय, पण नव्या कामाला घ्यायचं न्हाय." ते वाक्य हळूहळू भाषेबाहेर पडलं. स्वतःची छत्री, कोपऱ्यावरची रिक्षा, महापालिकेचा नळ, सगळं त्यात बसलं. एकदा अण्णांनी विचारलं, "मॅडम, हा सदरा कसा वाटतोय?" मॅडमनी नुसतं बघितलं. अण्णाच म्हणाले, "कळलं, कळलं. चालतोय."

नवी आवृत्ती आली हे कळणं सोपं, ती हातात पडणं अवघड. क्लासात एकच फोन, आणि त्याच तारेवरून इंटरनेट. आवृत्ती उतरवायला अख्खा दिवस जायचा, आणि मधे कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. एक पॉइंट चारच्या वेळी मॅडम सकाळपासून फोनवर पंजा ठेवून बसल्या होत्या.

अण्णा घिरट्या घालत होते. "मॅडम, व्याह्यांचा फोन यायचाय."

"येऊ द्यायचा न्हाय."

"पोरीच्या सासरचं माणूस हाय ओ!"

"अण्णा, हितं बाळंतपण चाललंय. बाळ अर्ध्यावर अडलंय. व्याह्यास्नी सांगा, सुटका झाल्यावर करा."

"सांगू कशानं? फोन तुमच्या हाताखाली हाय!"

शेवटी अण्णा समोरच्या दुकानातून व्याह्यांशी बोलून आले. संध्याकाळी आवृत्ती उतरली आणि दुसऱ्या दिवशी घुगऱ्या खाणाऱ्यांत अण्णाच पुढं होते.

मग पाचवी आली. नावाचा घोळ होता. इतकी वर्षं एक पॉइंट दोन, तीन, चार असं चाललेलं, आणि तिन्हींना मिळून बाहेर 'जावा दोन' म्हणत. आता एक पॉइंट पाचला एकदम 'पाच' म्हणायचं ठरलं. तोवर मी शिकून तिथंच लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागलो होतो. मी विचारलं, "मॅडम, दोनवरून थेट पाच? मधल्या कुठं गेल्या?"

"बाळू, तुझं दाखल्यावर चंद्रकांत हाय. घरात बाळू म्हणत्यात. मधली नावं कुठं गेली म्हणून कुणी विचारतंय व्हय? एक पॉइंट पाच हे पाळण्यातलं नाव. पाच हे हाकेचं."

अण्णांनी तेवढंच ऐकलं. "पाचवी आली म्हणजे पाचवी पुजायची का काय?"

"आमच्यात पुजत न्हाईत, अण्णा. शिकत्यात."

त्या पाचवीनं मॅडमना वेड लावलं. आम्ही समोर दिसलो की धरून शिकवायच्या. पूर्वी या भाषेत सुटा आकडा डब्यात ठेवायचा तर आधी आपल्या हातानं पुरचुंडी बांधून द्यावी लागे. आता भाषा स्वतःच बांधून घेते. डब्यावर आतल्या वस्तूचं नाव लिहिता येतं, म्हणजे साखरेच्या डब्यात मीठ पडायची भीती नाही. "माणसाचं काम हलकं केलंय रे," त्या म्हणायच्या, जणू कुणी त्यांच्या डोक्यावरची घागर उतरवली होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी समोरच्या इमारतीत पुण्याहून आलेला एक क्लास उघडला. काचेचं दार, थंड हवा, टाय लावलेली माणसं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की आमचे सर्व शिक्षक जावाच्या कंपनीची परीक्षा उत्तीर्ण प्रमाणपत्रधारक. झालं. आमच्याकडं येणारे पालक खुर्चीवर टेकायच्या आधी विचारू लागले, "तुमच्या मॅडमनी ती परीक्षा दिलीय का?"

मॅडमनी दिली नव्हती. दरवेळी अर्ज भरायची वेळ आली की नव्या आवृत्तीची कुणकुण लागायची आणि त्या म्हणायच्या, "आता दिली तर शिळी होईल. नवी येऊ दे." असं करता करता त्यांच्या हाताखालची पोरं ती परीक्षा देऊन पुण्या-बेंगळुरूला लागली आणि मॅडम तशाच राहिल्या.

अण्णांनी एके दिवशी दार लावून घेतलं. मी आतच होतो. "मॅडम, मी शिकलेला न्हाय. मला तुमचं कळत न्हाय, पण गिऱ्हाइकाचं कळतंय. जूनच्या बॅचच्या आधी तेवढा कागद आणा. न्हाईतर मला दुसरं माणूस बघाय लागंल. वाईट वाटून घेऊ नका."

पाचवीची परीक्षा अजून निघायची होती. जूनच्या आत द्यायची तर जुनीच, एक पॉइंट चारची. मी म्हणालो, "मॅडम, जुनी तर तुम्हाला झोपेत येते." त्यांनी मान हलवली. पण मला वाटतं, त्यांना तेव्हाच भीती वाटली असावी.

पुण्याला मी सोबत गेलो. एसटीत शेजारी हातकणंगल्याचे एक आडदांड पाव्हणे होते.

"कुठं निघालाय म्हणायचं, बाई?"

"परीक्षेला."

"पोराच्या?"

"माझ्या."

पाव्हण्यांनी त्यांना नीट न्याहाळलं, मग आपल्या पिशवीतला पेरू काढून हातात दिला. "खावा. आनि हाणा मग! सोडू नका कुणाला!"

परीक्षा कॉम्प्युटरवरच होती, निकाल जागच्या जागी. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मॅडम बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हुकली."

मला खरं वाटेना. चहा घेताना हळूहळू कळलं. पेपरात विचारलं होतं, खालीलपैकी काय चालणार नाही? त्यात ती पुरचुंडीची गोष्ट होती. जुन्या आवृत्तीत आकडा तसाच डब्यात टाकला तर चालायचं नाही. पाचवीत चालतं. मॅडमनी उत्तर दिलं: सगळं चालतं. असं एकदा नाही, जिथं जिथं आलं तिथं.

"अहो, पण पेपर चारचा होता! माहीत होतं ना तुम्हाला?"

"म्हाईत होतं की. पण जे आता चालतंय ते चालत न्हाय म्हणून कसं लिहायचं? एकेका प्रश्नाशी भांडत बसले. मग येळ बी संपला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी अण्णांचा जून आठवला. परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या आसपास मॅडम म्हणाल्या, "अण्णांना मी सांगते. तू काय बोलू नको."

त्यांनी दुसऱ्या दिवशी भर वर्गात सांगितलं. "नापास झाले. का झाले ते बघा." आणि फळ्याच्या एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं लिहून चुकलेला एकेक प्रश्न सोडवून दाखवला. अण्णा दारात उभे होते. त्यांना एक अक्षर कळलं नसावं, पण पोरं पुढं वाकून लिहून घेत होती, ते त्यांना दिसत होतं.

"म्हणजे मॅडम," शेवटी अण्णा म्हणाले, "तुम्ही जुन्यात नापास आनि नव्यात पास?"

"नव्याची परीक्षाच न्हाय अजून."

"असती तर?"

वर्गच म्हणाला, "पास!"

अण्णा जिना उतरून गेले. मॅडमनी फळा पुसला, आपला डबा आणि छत्री उचलली आणि कुणाला काही न सांगता गेल्या. पुढचे काही दिवस त्या आल्याच नाहीत. त्यांनी मनानं नोकरी सोडली होती.

जून लागला, आणि एका सकाळी येऊन बघतो तर दारावर नवीन पाटी, पेंट अजून ओला: 'आमच्या मॅडम जुन्या परीक्षेत नापास आहेत, कारण त्यांना नवीन येते. प्रवेश सुरू.' अण्णा कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होते. "खोटं काय हाय का यात? चार पालक येऊन गेलं सकाळधरनं. हसत आलं, पण आलं. दुसरं माणूस बिणूस काय न्हाय. जा, मॅडमना घिऊन ये."

मी सायकल काढली. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "जून हाय न्हवं? जुन्या पुस्तकांच्या बाजारात असतील."

बाजार कसला, फूटपाथवर पोती अंथरून मांडलेले शाळेच्या जुन्या पुस्तकांचे ढीग. मॅडम एका ढिगासमोर उकिडव्या बसल्या होत्या. एकेक पुस्तक उघडायच्या, पहिलं पान वाचायच्या, आणि डावीकडं किंवा उजवीकडं ठेवायच्या. विक्रेता कपाळाला हात लावून उभा होता. मला बघून म्हणाला, "पावणं, तुमच्यातल्या हायत ह्या? घिऊन जावा की! दरसाल येत्यात आनि माझा निम्मा माल बाजूला काढत्यात."

"अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं पोरांना विकतोस," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "वर लिहून ठेव की मग, बदललंय म्हणून."

मी शेजारी बसलो आणि पाटीचं सांगितलं. त्या थोडं हसल्या. "अण्णा लई बिलंदर." मग हातातलं पुस्तक मिटून म्हणाल्या, "दहावी मी बाहेरून केली. सतरा नंबरचा फॉर्म भरून. दिवसा कामाला जायची. आई धुणीभांडी करायची त्या घरच्या पोरीची पुस्तकं मिळाली होती. सगळी पाठ केली. पेपर हातात आला, तर त्यात एक धडा ओळखीचा न्हाय. पुस्तकंच बदलली होती, बाळू. शाळेत जाणाऱ्यांना म्हाईत होतं. मला कोण सांगणार?"

"वर्ष गेलं?"

"वर्षाचं काय न्हाय रे. पुस्तक बदललंय हे मला लई उशिरा कळलं. तवर वाटत होतं, माझंच डोकं चालत न्हाय."

पुढं मॅडम क्लासात परतल्या, पाचवीची परीक्षा निघाली तेव्हा पहिल्या झटक्यात पास झाल्या, मी त्यांच्याच शिकवणीवर पुण्यात लागलो, वडिलांनी कबनूरात पेढे वाटले. हे सगळं व्हायचं होतं. त्या सकाळी एवढंच झालं, की एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली आणि घाबरत एक विज्ञानाचं पुस्तक पुढं केलं. "बाई, हे गेल्या सालचं हाय. चालंल का?"

मॅडमनी पहिलं पान उघडलं, बोट ठेवून वाचलं. "पुनर्मुद्रण हाय. धडं तेच हायत. बिनघोर घ्या." मग मुलीकडं बघून म्हणाल्या, "आनि काही आलं न्हाय तर आधी पुस्तक तपास. डोक्याला दोष देऊ नको. काय?"

मुलीनं मान डोलावली.

क्लासची वेळ होत आली होती. अण्णांनी मॅडमना घेऊन यायला सांगितलं होतं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणालो, "सातवीची पुस्तकं माझ्याकडं सरकवा."

"आयला!" विक्रेता पोत्यावर मटकन बसला. "आता दोघं झाली!"